फिल्टर नंतर बदलायचा असतो

"काय रे, तुमच्या गाडीला तळणीचा वास का येतो?"

प्रश्न माझा नव्हता, आधीच सांगून ठेवते. प्रश्न माझ्या दोन मैत्रिणींचा, वकील आणि चिमणी यांचा. वकील, कारण ती कुणालाही वादात गुंडाळते. चिमणी, कारण तिचा आवाज. दोघींनी पैज लावली होती की त्या नव्या मुलाला मी सगळ्यांसमोर हे विचारूच शकणार नाही. मी! मागच्या वर्षीपर्यंत फळ्यापाशी बोलावलं तरी मला घाम फुटायचा, हे खरं. पण यंदा काय झालंय कोण जाणे, तोंड उघडलं की गाडी थेट टॉप गिअरमध्ये. वर्गात मला आता 'टर्बो' म्हणतात आणि मला ते जाम आवडतं.

तर थंडीची सकाळ, तोंडातून वाफा निघतायत, आणि मी शाळेच्या फाटकात उभी. पिवळी व्हॅन आली. तिच्या मागोमाग तो वास... जणू कुणीतरी सकाळी सकाळी अख्ख्या रस्त्यासाठी कढई चढवलीये. दार सरकलं आणि तो उतरला. उंच, केस पिंजारलेले, स्वेटरची एक बाही उसवलेली. मी विचारलं. मागे चिमणी खुदकन हसली. येणारीजाणारी पोरं थांबली.

मला वाटलं, मान खाली घालून निघून जाईल. वर्षाच्या मध्येच आलेला मुलगा, वर्गाने पहिल्याच आठवड्यात 'कढई' नाव पाडलेलं. पण त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"कारण ती तळणीच्या तेलावरच चालते," तो म्हणाला. "खानावळींतून उरलेलं तेल आणतो, त्याचं बायोडिझेल करतो. आई करते. समोरचं गॅरेज तुझ्या बाबांचं ना? मग तुझ्या दप्तराला डिझेलचा वास येतो, ते मी कधी विचारलं का?"

"येतो?"

"येतो." तो दोन पावलं गेला, वळला. "पण... वाईट नाही येत."

पैज मी जिंकले. पण दिवसभर दप्तराचा वास घेत बसले, ते कुणाला सांगितलं नाही.

---

आमच्या घरात डिझेल म्हणजे कुळाचार. बाबा डिझेल मेकॅनिक. शाळेच्या सगळ्या बसेस त्यांच्याकडेच येतात. इंजिनाच्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगतात, आणि मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी उकिडवी बसून ते ऐकत आलेय. "चढावर दम सोडते ती गाडी उपाशी असते," हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. आणि बायोडिझेलचं नाव काढलं की बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "तेलात तळायचं असतं, इंजिन नाही!"

म्हणून दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्याच्या शेजारची जागा पकडली ती भांडायलाच. शप्पथ. त्याची आई सकाळी तेल गोळा करायच्या फेरीवर जायची म्हणून त्या दिवसापासून तोही आमच्याच बसने यायला लागला.

"थंडीत तुमचं तेल घट्ट होतं," मी सुरुवात केली.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला.

"आणि अॅव्हरेज कमी देतं."

"थोडंसंच. पण तुमच्यासारखा काळा धूर नाही सोडत. शिवाय इंजिन आतून वंगण घातल्यासारखं मऊ चालतं. शिवाय ते तेल गटारात जात नाही."

"जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या फुगतात."

"कोण म्हणतं?"

"माझे बाबा."

"तुझे बाबा म्हणजे काय देव आहेत का?"

"नाहीत. मेकॅनिक आहेत. देव चुकू शकतो."

तो हसला. मग लगेच गंभीर झाला. "नळ्या फुगत नाहीत. उगाच काहीही."

"बरं, समजा नाही फुगत. मग जगातल्या सगळ्या गाड्या यावर चालवायच्या, तर तेवढी तळण आणायची कुठून? माणसांनी पोट बिघडेपर्यंत खायचं?"

"तू खा ना," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "माझ्यासाठी."

मी दप्तराचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधला. मी, टर्बो! वकील मागच्या सीटवरून पुढे वाकून माझ्या कानात म्हणाली, "आरोपी निरुत्तर." मी तिचं डोकं मागे ढकललं.

त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नळ्यांचं मनाला लागलं होतं बहुतेक. तिसऱ्या दिवशी बसमध्ये चढला, माझ्याजवळ आला आणि खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. रबरी नळीचा बोटाएवढा तुकडा. टम्म फुगलेला, दाबला तर बोटाला काळा चिकटा लागणारा.

"आमच्या व्हॅनचा," तो म्हणाला. "काल उघडून बघितलं. तुझं बरोबर होतं. आता आई दुसऱ्या जातीची नळी बसवणार आहे, तिला काही होत नाही म्हणे."

कुणी फुलं देतं, कुणी चिठ्ठ्या देतं. मला एका मुलाने स्वतः हरल्याचा पुरावा आणून दिला. आता सांगा, माणसाने प्रेमात पडू नये तर काय करावं?

---

मग आमची भांडणं रंगायला लागली. शाळा सुटली की मी कधी कधी त्यांच्या शेडवर जायचे. गावाबाहेर पत्र्याची शेड, आत पिंपं, आणि त्याची आई बाह्या दुमडून, डोळ्यांवर चष्मा चढवून उभी. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या तेल गाळायच्या, त्यात रसायनं घालून ढवळायच्या आणि निवायला ठेवायच्या. खाली गडद, चिकट ग्लिसरीन बसायचं आणि वर मधाच्या रंगाचं बायोडिझेल. काचेच्या बरणीत ते उन्हासमोर धरलं की पलीकडे त्याचा चेहरा सोनेरी दिसायचा. मी ती बरणी जरा जास्तच वेळा उन्हासमोर धरायचे.

"आणि एक गंमत माहितीये?" एकदा तो म्हणाला. "हे साबणासारखं आहे. डिझेलच्या जुन्या टाकीत घातलं ना, की भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सगळी धुऊन काढतं."

"धुऊन जाते कुठे मग?"

"फिल्टरमध्ये अडकते. म्हणून पहिली टाकी संपत आली की फिल्टर बदलायचा."

"हा तुमच्या तेलाचा तोटा."

"हा तुमच्या डिझेलचा मळ!"

"कढई!"

"टर्बो!"

काकू पिंपामागून ओरडल्या, "अरे, भांडा, पण बरणी खाली ठेवून भांडा!"

त्याच सुमारास आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक घोषणा केली. फाटकापाशी बसेसचा काळा धूर लहान मुलांच्या नाकातोंडात जातो. तर एक बस, आमचीच, महिनाभर काकूंच्या बायोडिझेलवर चालवून बघायची. जमलं तर सगळ्या बसेस. काकूंच्या दृष्टीने हे फार मोठं होतं. किरकोळ गिऱ्हाइकांवर शेड चालत नव्हती. हे काम मिळालं तर राहायचं, नाही तर गाशा गुंडाळून दूरच्या गावी, त्यांच्या भावाकडे. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण बोटांनी उसवलेली बाही आणखी उसवत होता.

बस अर्थातच बाबांच्या ताब्यातली. टाकी भरायच्या दिवशी मी तिथेच होते. काकू म्हणाल्या, "दादा, फिल्टर तेवढा बदलावा लागेल हं..."

बाबांनी हात उडवला. "मला शिकवू नका, ताई. कालच नवाकोरा टाकलाय. माझ्याकडून कामात कसूर होत नसते." आणि सरळ बसखाली शिरले. काकू खाली वाकून काही सांगायला गेल्या, पण बसखालून नुसती ठाकठोक ऐकू आली. बाबांना ते तेल आवडत नव्हतं, तरी गाडीची तयारी त्यांनी मनापासून केली होती. तेच तर नडलं.

---

पुढच्या आठवड्यात, शाळेच्या अलीकडच्या चढावर बसने दम सोडला.

आधी आचके. मग खोकल्यासारखा आवाज. मग नुसतीच शांतता आणि काचांवर धुकं. ड्रायव्हरकाकांनी किल्ली फिरवली, इंजिन क्षणभर घुरघुरलं आणि पुन्हा गप्प. मागून कुणीतरी ओरडलं, "कढई थंड झाली रे!" आणि सगळी बस खदखदली. "कढई थंड! कढई थंड!"

तो माझ्या शेजारी ताठ बसला होता. कान लालभडक. हळूच म्हणाला, "गारठलं असणार गं. रात्री फार थंडी होती. तू म्हणाली होतीस..."

"मी म्हणाले म्हणून मान्य करू नकोस!" मला रागच आला. "डोकं वापर. तेल गोठलं असतं तर सकाळी चालूच झाली नसती. इथवर मजेत आली ना? सपाटीवर पळाली आणि चढावर बसली." आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. चढावर दम सोडते ती गाडी उपाशी... म्हणजे तेल कुठेतरी अडतंय!

एवढ्यात फटफटीवरून बाबा आले. ड्रायव्हरकाकांनी फोन केला होता. मागे पेटी बांधलेली, चेहऱ्यावर 'मी म्हणत नव्हतो?' लिहिलेलं. पोरं खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाजा अजून तळणीचं तेल! टाकी रिकामी करा. बस अडल्याचं कळताच बाईंनी उद्या सकाळी आठला मला मत विचारायला बोलावलंय. सांगून टाकतो, हे प्रकरण बंद."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"बाबा," मी म्हणाले, "आधी फिल्टर उघडा."

"फिल्टर नवा आहे."

"माहितीये. उघडा."

"अगं, मी स्वतः बसवलाय! तेल भरायच्या आधी!"

"तेच चुकलं. हे तेल टाकी धुतं, बाबा. फिल्टर आधी नाही, नंतर बदलायचा असतो."

बाबांचा चेहरा तापलेल्या सायलेन्सरसारखा झाला. पेटीतला पाना काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. "घे! एवढं कळतंय ना? उघड. उघड आणि दाखव सगळ्यांना."

त्यांना वाटलं, मी मागे सरेन. मागच्या वर्षीची मी सरलेही असते.

मी दप्तर वकिलाच्या गळ्यात टाकलं, बाह्या वर केल्या आणि पाना घेतला. फिल्टर सुटला. मी तो उलटा केला. आतून काळाकुट्ट, डांबरासारखा गाळ ओघळला आणि रस्त्यावर पसरला.

"अय्या! शी!" चिमणी.

"हा कुठल्या तेलाचा मळ आहे?" मी जोरात विचारलं. मला थांबताच येईना. "तळणीचा? आठवड्यात? हा डिझेलचा आहे, कित्येक वर्षांचा! त्या बिचाऱ्या तेलाने फक्त धुणं धुतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पेटीतून दुसरा फिल्टर काढला, बसच्या पायरीवर ठेवला आणि फटफटीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून मी पोरांना टाळ्या थांबवायची खूण केली.

नवा फिल्टर बसवला की नळीत शिरलेली हवा काढावी लागते. त्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ते काम एकट्याचं नसतं. एकाने छोटा पंप अंगठ्याने दाबत राहायचा आणि दुसऱ्याने स्क्रू किंचित सैल धरायचा.

"ये इकडे," मी त्याला म्हणाले. "तू पंप मार, मी हवा सोडते."

"मला जमेल?"

"भांडायला जमतं, तर हेही जमेल."

तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. इतका जवळ, की त्याच्या श्वासाची वाफ आणि माझी एकच होत होती. तो दाबत होता, माझ्या बोटांखाली फेस येत होता. बुडबुडे... बुडबुडे... मग एकदम, हळुवार, अखंड, मधाच्या रंगाची धार.

"आता?" तो कुजबुजला.

"आता बास," मी म्हणाले आणि स्क्रू आवळला. पण दोघांचेही हात तिथेच राहिले. त्याच्या हाताला डिझेल, माझ्या हाताला तळण. कुणाचा वास कुठला, काही कळेना.

ड्रायव्हरकाकांनी किल्ली फिरवली. बस एका दमात चालू झाली.

---

संध्याकाळी शेडवर गेले तेव्हा काकू पिंपं धुऊन उलटी घालत होत्या. आवराआवर. तो दारातच उभा होता.

"तुझ्या बाबांचं मत शेवटचं असणार," तो म्हणाला. "बाईंनी आईला तसं स्पष्ट सांगितलंय. आणि आज एवढं झाल्यावर ते हो म्हणतील?"

"म्हणजे हरलात? एका फिल्टरवरून?"

"हरलो नाही गं. दमलो." मग जरा थांबून, "तू माझी बाजू घेतलीस त्याबद्दल..."

"तुझी नाही घेतली. फिल्टरची घेतली."

"अच्छा! फिल्टरची." इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "फिल्टर आवडतो वाटतं फार?"

"फिल्टर बरा आहे." मी श्वास घेतला. माझ्या आत काहीतरी आचके देत होतं, चढावरच्या बससारखं. "पण कढई... जास्त आवडते."

तो बघत राहिला, त्या पहिल्या दिवशीसारखा, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "मी हे तुला रोज बसमध्ये सांगणार होतो. पण तू बोलू देशील तर ना."

"मग आता बोल!"

"मला तू आवडतेस. रबरी नळीच्या आधीपासून."

मी हसले आणि मला रडूही आलं, दोन्ही एकदम. मग मी डोळे पुसून म्हणाले, "ऐक. पिंपं सुलटी कर. आणि उद्या बाईंसमोर आपल्या तेलाचे तोटे तूच सांगायचे. थंडीत निम्मं डिझेल मिसळावं लागेल, नळ्या बदलाव्या लागतील, फार दिवस साठवता येणार नाही, सगळं. एकही लपवायचा नाही."

"तोटे मी सांगू? आणि फायदे?"

"ते डिझेलवाल्याच्या पोरीने सांगितले की जास्त पटतात."

आतून पिंप सुलटं केल्याचा दणका ऐकू आला. काकूंचे कान फार तिखट आहेत.

---

घरी बाबा जमिनीवर बसून पाने पुसत होते. पुसलेलेच पुन्हा पुसत होते. आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. मी दारात चपला काढल्या तरी दोघांनी मान वर केली नाही.

"आलीस?" आई म्हणाली. "चारचौघांत बापाचं नाक कापून झालं, आता कुठे भटकत होतीस?"

"शेडवर."

"पुन्हा तिथे गेलीस?" बाबांनी पाना खाली टाकला. "उद्यापासून शेड बंद, गॅरेजही बंद. त्या कढईच्या नादाला लागून..."

"त्याला कढई म्हणायचं नाही, बाबा. मी म्हणू शकते. तुम्ही नाही."

आईची सुरी थांबली. आईला सगळं आधी कळतं. "म्हणजे?"

"म्हणजे मला तो आवडतो. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतेय. अभ्यास बुडणार नाही, चोरून काही करणार नाही. जे असेल ते तुमच्यासमोर."

"शाळेचं शेवटचं वर्ष आहे गं बाई!" आईने कपाळाला हात लावला, कांद्याच्या हाताने, आणि मग डोळे चोळत बसली. "ऐकलंत का? तुमची लेक!"

बाबा ऐकत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना. त्यांच्या पुढ्यात तो फिल्टर होता, सकाळचा, गाळाने भरलेला. त्यांनी तो बरोबर आणला होता, हे मला आत्ता दिसलं. कागदावर उलटा घालून, कापून, त्याची एकेक घडी उलगडून त्यांनी बघितली होती.

"कामात कसूर केली नव्हती गं मी," ते हळूच म्हणाले.

"माहितीये बाबा. कसूर केलीच नाहीत. म्हणून तर चुकलं. दुसऱ्या कुणी जुनाच फिल्टर ठेवला असता आणि मग बदलला असता, तुम्ही आधीच नवा घातलात. पण ती चूक आपली आहे. तेलाची नाही, काकूंची नाही. आणि त्यासाठी त्यांनी गाव सोडायचं नाही."

"मग काय करू? बाईंसमोर जाऊन नाक घासू?"

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, लहानपणी बसायचे तशी.

"मी ठरवलंय. उद्या आठ वाजता मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाणार. सांगणार की बस आमच्या गॅरेजच्या चुकीने बंद पडली, तेलात खोट नाही. महिना पुरा होऊ द्या, आणि तोवर रोज सकाळी बस निघायच्या आधी तिचा फिल्टर आणि नळ्या मी स्वतः तपासेन. तुम्ही रागवा, गॅरेजला कुलूप लावा, मी जाणारच. तुम्ही आलात, तर तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही आलात, तर तुमच्या जागी."